हातातला वॉकी-टॉकी: बटणांचा गोंधळ कसा सोडवायचा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत गणपतीच्या तोंडावर सहा वॉकी-टॉकी येतात. पहिल्या दहा मिनिटांत एकावर एफएमची गाणी लागतात, दुसरा चिनी भाषेत काहीतरी बोलतो, तिसऱ्याची बॅटरी म्हणजे विजेरी लुकलुकायला लागते ती बंदच होत नाही, आणि चौथ्याला पाचवा ऐकू येतो पण पाचव्याला चौथा नाही. मग सगळ्यांचे एकमत होते की माल बोगस आहे. माल बहुधा ठीक असतो. गोंधळाचे मूळ एवढेच की या सेटवर जवळजवळ प्रत्येक बटणाला दोन कामे दिलेली असतात: एक चटकन दाबण्याचे, दुसरे दाबून धरण्याचे. त्यातही सेट कोणत्या अवस्थेत आहे त्यावर बटणाचा अर्थ बदलतो. म्हणून शिकण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी ऐकणे, मग पडदा वाचणे, आणि बोलण्याचे बटण सगळ्यात शेवटी.

आधी सेट कोणता ते बघा

भारतात परवान्याशिवाय वापरता येणारे वॉकी-टॉकी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले असतात आणि त्यांची ताकद अर्ध्या वॅटपर्यंतच चालते. 2018 च्या नियमांनी ही सूट दिली. सोसायटी, मंडळ, ट्रेक यांसाठी हाच प्रकार घ्यावा, आणि घेताना त्या मॉडेलला उपकरण-मान्यता, म्हणजे ईटीए, आहे का ते विचारावे. ऑनलाइन विक्रीत ही माहिती लपवली जात होती म्हणून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025 मध्ये खास मार्गदर्शक सूचना काढल्या. पानावर फ्रिक्वेन्सी आणि मान्यतेचा उल्लेखच नसेल तर तो सेट घेऊ नये.

दुसरा प्रकार म्हणजे पाच वॅटचा, कीपॅड आणि पडदा असलेला सेट. यात बाओफेंग यूव्ही-5आर सगळ्यात जास्त दिसतो आणि त्याची बटणे व मेनू कित्येक सेटांनी जसाच्या तसा उचलला आहे. हा सेट 136 ते 174 आणि 400 ते 520 मेगाहर्ट्झवर चालतो. त्यात पोलिसांपासून बंदरापर्यंत अनेकांच्या वाटा येतात, त्यामुळे तो परवान्याशिवाय वापरता येत नाही, आणि असा सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो. हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना काढला की 144 ते 146 आणि 434 ते 438 मेगाहर्ट्झवर तो रीतसर वापरता येतो. 'कमी ताकदीवर ठेवून 446 वर बोलू' हा उपाय कायद्यात बसत नाही, कारण त्याची सगळ्यात कमी ताकदसुद्धा एक वॅटच्या आसपास असते.

पुढची बटणे यूव्ही-5आर धरून सांगितली आहेत, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्यावर होतो. 446 च्या सेटवर याच गोष्टी असतात, फक्त कमी असतात.

चालू करण्याआधी

अँटेना बोटांनी घट्ट होईपर्यंत फिरवा. पक्कड लावू नका, आणि अँटेना धरून सेट उचलू नका. अँटेना नसताना बोलण्याचे बटण कधीही दाबू नका. ताकद बाहेर जायला वाट नसली की ती आतच परतते आणि शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. बॅटरी पाठीवर खालून सरकवून खट् आवाज येईपर्यंत बसवा. चार्जरचा दिवा लाल म्हणजे भरतेय, हिरवा म्हणजे भरली. नवी बॅटरी भरायला चार तास धरून चला, आणि सेट चार्जरमध्ये असताना बोलू नका.

वरचा नॉब घड्याळाच्या दिशेने फिरवला की खट् होऊन सेट चालू होतो आणि तोच पुढे आवाज वाढवतो. चालू होताना सेट चिनीत बोलला तर घाबरू नका. मेनू 14 मध्ये आवाजाची भाषा असते, तिथे इंग्रजी किंवा बंद निवडा. सगळे रीसेट केल्यावर हा सेट पुन्हा चिनीवर जातो, म्हणून हा आकडा लक्षात राहू द्या.

मेनूत शिरण्याची पद्धत सगळीकडे एकच: मेनू दाबा, आकडा दाबा, पुन्हा मेनू दाबून आत जा, वर-खाली बाणांनी किंमत बदला, मेनू दाबून पक्की करा, एक्झिटने बाहेर या. शेवटचा मेनू दाबायचा राहिला तर बदल होत नाही, आणि लोकांचा सर्वाधिक वेळ इथेच जातो.

ऐकणे

पहिला सराव एफएमचा. डाव्या बाजूला बोलण्याचे मोठे बटण आहे, त्याच्या वर कॉल. ते चटकन दाबा. रेडिओ लागला की कीपॅडवर 1071 दाबा, मुंबई परिसरात आकाशवाणीचे 107.1 लागेल. पुन्हा कॉल दाबला की बंद. यातून दोन गोष्टी कळतात: स्पीकर चालतो, आणि मंडळाच्या मांडवात मध्येच गाणी का लागतात. तेच कॉल बटण दाबून धरले तर मात्र भोंगा सुरू होतो. तो नुसता जागेवर वाजावा असे वाटत असेल तर मेनू 32 मध्ये 'साइट' ठेवा. 'टोन' किंवा 'कोड' ठेवला असेल तर भोंगा हवेतही जातो आणि सगळ्यांची वाट अडवतो. घाबरून बटणे दाबत बसण्यापेक्षा नॉब फिरवून सेट बंद करणे सोपे.

मोठ्या बटणाच्या खालचे मोनी बटण चटकन दाबले तर विजेरी लागते, दुसऱ्यांदा दाबले तर ती लुकलुकते, तिसऱ्यांदा बंद होते. सुरुवातीला सांगितलेली न विझणारी विजेरी ही दुसऱ्या पायरीवर अडकलेली असते. हेच मोनी दाबून धरले की खरखर सुरू होते. ती बिघाड नसून खरी हवा आहे. एरवी सेट ही खरखर एक दार लावून बाहेरच अडवतो, त्या दाराला स्क्वेल्च म्हणतात.

स्क्वेल्च मेनू 0 मध्ये, 0 ते 9. शून्यावर दार सताड उघडे, खरखर अखंड. आकडा वाढवला तर दार उघडायला जास्त ताकदीचा सिग्नल लागतो. 2 किंवा 3 पासून सुरुवात करा. लिफ्टच्या मोटारीजवळ किंवा एलईडीच्या जाहिरात-फलकाखाली सेट सारखा फसफसत असेल तर एकेक वाढवा. पण लांबचा माणूस ऐकू येत नसेल तर आधी हाच आकडा कमी करून पाहा. काही स्वस्त सेटांत 1 ते 9 मध्ये फरकच जाणवत नाही, ती सेटची मर्यादा.

पडद्यावरच्या दोन ओळी

खरा घोळ इथे आहे. पडद्यावर एकाखाली एक दोन फ्रिक्वेन्सी दिसतात, आणि त्यांपैकी एकीच्या डाव्या बाजूला छोटा बाण असतो. तुम्ही जे काही बदलाल ते बाणाच्या ओळीवर होते. ए/बी बटण बाण वर-खाली हलवते.

दुसरी ओळख: ओळीच्या उजव्या कडेला लहान आकड्यात चॅनेल क्रमांक दिसतो का? दिसत असेल तर सेट साठवलेल्या चॅनेलवर आहे, बाण दाबले की पुढचा चॅनेल येतो. दिसत नसेल तर तुम्ही मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर आहात, बाण दाबले की आकडा पायरीपायरीने सरकतो. नारिंगी व्हीएफओ/एमआर बटण या दोन्हींत अदलाबदल करते. कुणी चुकून ते दाबले की 'माझे सगळे चॅनेल उडाले' अशी ओरड होते. उडालेले काही नसते, पुन्हा तेच बटण दाबा.

मोकळ्या अवस्थेत फ्रिक्वेन्सी टाकायची तर टिंब न देता सहा आकडे: 145.500 साठी 145500. आकडे टाकूनही पडदा जुन्याच जागी परतत असेल तर पट्टा चुकीचा आहे. बँड बटण दाबून दुसऱ्या पट्ट्यात जा आणि पुन्हा टाका. शेवटचा आकडा भलतीकडेच जुळत असेल तर मेनू 1 मधली पायरी बघा. ती 25 किलोहर्ट्झवर असेल तर मधल्या फ्रिक्वेन्सी सेट घेतच नाही.

मेनू 7 मधली दुहेरी पाळत सुरू असेल तर सेट दोन्ही ओळी आलटून पालटून ऐकतो. सोयीचे वाटते, पण खालच्या ओळीवर कुणी बोलले आणि तुम्ही लगेच बटण दाबले तर तुमचे उत्तर खालच्या ओळीवर जाते, आणि वरच्या ओळीवरची माणसे वाट पाहत राहतात. नवशिक्यांच्या हातात सेट देताना ही पाळत सरळ बंद करा. अनुभवी माणसाला ती हवीच असेल तर मेनू 34 मध्ये बोलण्याची ओळ ठरवून द्यावी.

टोन

'चौथ्याला पाचवा ऐकू येतो, पाचव्याला चौथा नाही' यामागे निम्म्याहून अधिक वेळा टोन असतो. बोलण्यासोबत सेट एक खोल, कानाला न जाणवणारा सूर सोडतो. समोरच्या सेटने तो सूर ओळखला तरच त्याचा स्पीकर उघडतो. पाठवण्याचा टोन मेनू 13 मध्ये, ऐकण्याचा मेनू 11 मध्ये. म्हणजे प्रत्येक सेटला दोन स्वतंत्र टोन. एखाद्या सेटवर 11 मध्ये टोन ठेवला आणि दुसऱ्या सेटवर 13 बंद राहिला, तर पहिला दुसऱ्याला कधीच ऐकणार नाही. डिजिटल टोनसाठी 10 आणि 12 आहेत. त्यात शिरू नका, ते 'ऑफ' आहेत एवढे पाहा.

446 च्या सेटांवर याच टोनला 'प्रायव्हसी कोड' म्हणतात आणि त्याला 1, 2, 3 असे नंबर देतात. इथे दोन सापळे. पहिला, यात खासगी काही नाही. तुम्ही इतरांना ऐकत नाही, पण तुमचे बोलणे त्या चॅनेलवरच्या कुणालाही टोन बंद ठेवून ऐकता येते. दुसरा, नंबर कंपनीनुसार सरकतात. एका यादीत 67.0, 71.9, 74.4 असा क्रम असतो आणि आठवा टोन 88.5 हर्ट्झ येतो. दुसऱ्या यादीत मध्ये 69.3 घातलेला असतो, मग आठवा टोन 85.4 होतो. दोन कंपन्यांचे सेट 'कोड 8' वर ठेवून ते बोलत नसतील तर दोन्ही पुस्तिकांतले हर्ट्झ जुळवा, नंबर नव्हे.

तपासायची पद्धत सोपी: ज्याला ऐकू येत नाही त्याने मोनी दाबून धरावे. मोनीने टोनचे दारही उघडते. तेव्हा आवाज आला तर फ्रिक्वेन्सी बरोबर आहे, टोन चुकला आहे. तेव्हाही नाही आला तर फ्रिक्वेन्सी, अंतर किंवा अँटेनाकडे बघा. ही एक चाचणी पक्की केली तर बाकीचे अर्धे तर्क करावेच लागत नाहीत.

आता बोला

बटण दाबण्याआधी तीन गोष्टी डोळ्याखालून घाला: बाण कुठल्या ओळीवर, चॅनेल बरोबर आहे का, आणि हिरवा दिवा लागलेला नाही ना. हिरवा म्हणजे दुसरे कुणी बोलतेय. तुमचा लाल दिवा लागला की तुम्ही हवेत आहात.

बटण पूर्ण दाबा, मनात 'एक' म्हणा, मग बोला. टोन ओळखायला आणि बॅटरी वाचवण्यासाठी डुलकी घेणारा समोरचा सेट जागा व्हायला थोडा वेळ लागतो. तो दिला नाही तर 'गेट दोनवर गाडी थांबवा' याचे 'दोनवर गाडी थांबवा' होते. सेट तोंडापासून चार बोटे लांब धरा, माइकच्या छिद्राकडे तोंड किंचित तिरके ठेवा आणि नेहमीच्या आवाजात बोला. ओरडल्याने आवाज लांब जात नाही, फक्त फाटतो. वाक्य संपल्यावर अर्धा क्षण थांबून बटण सोडा, आणि 'ओव्हर' म्हणायची सवय लावा, नाहीतर दोघे एकदम बोलतात आणि दोघांनाही काही कळत नाही.

मेनू 9 मध्ये एका दमात किती वेळ बोलता येईल याची मर्यादा असते. 60 सेकंद पुरे. पिशवीत बटण दाबून राहिले तरी एवढ्या वेळाने प्रक्षेपण आपोआप थांबते. मेनू 4 मधला व्हॉक्स, म्हणजे आवाजाने आपोआप सुरू होणे, मिरवणुकीत बंदच ठेवा. ढोल-ताशा सुरू झाला की व्हॉक्सवाला सेट ताशाच प्रक्षेपित करत राहतो आणि बाकी पाच जण मुके होतात. मेनू 23 मधला व्यस्त-चॅनेल अडसर लावला असेल तर कुणी बोलत असताना तुमचे बटण चालणार नाही. सेट बिघडला असे वाटते ते यामुळे.

आवाज फाटका किंवा अगदी दबका येत असेल तर मेनू 5 मधली चॅनेलची रुंदी दोन्ही सेटांवर सारखी करा. 446 च्या चॅनेलांना 12.5 किलोहर्ट्झची अरुंद रुंदीच असते.

चॅनेल साठवणे

एका फ्रिक्वेन्सीवरच ऐकायचे-बोलायचे असेल तर:

1. नारिंगी बटणाने मोकळ्या अवस्थेत या, ए/बीने वरची ओळ निवडा.
2. टोन, रुंदी, ताकद आधी लावा. चॅनेलवर असताना केलेले हे बदल त्यात टिकत नाहीत.
3. फ्रिक्वेन्सी टाका.
4. मेनू, 27, मेनू. रिकामा क्रमांक निवडा, मेनू, एक्झिट.

भरलेल्या क्रमांकावर नवे लिहिता येत नाही. आधी मेनू 28 मधून तो पुसा. हौशी रेडिओच्या रिपीटरसाठी, म्हणजे उंचावरून ऐकलेले दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणाऱ्या केंद्रासाठी, मेनू 25 मध्ये फरकाची दिशा उणे, 26 मध्ये फरक 600 किलोहर्ट्झ लावून ऐकण्याची फ्रिक्वेन्सी 27 ने साठवायची, मग तारा (*) बटण दाबून पाठवण्याची फ्रिक्वेन्सी पडद्यावर आणायची आणि त्याच क्रमांकावर पुन्हा 27 करायचे. मेनू 14 मधला बोलका आवाज चालू असेल तर सेट पहिल्या खेपेस 'रिसीव्हिंग' आणि दुसऱ्या खेपेस 'ट्रान्समिटिंग' म्हणतो. दुसरे वाक्य आलेच नाही तर रिपीटरला तुम्ही कधी ऐकू जाणार नाही.

दहाहून अधिक चॅनेल असतील तर हाताने करू नका. केबल आणि चर्प हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. आधी सेटमधला मजकूर संगणकावर उतरवून ती फाइल वेगळी जपून ठेवा, मगच बदला. 'रेडिओ प्रतिसाद देत नाही' असे आले तर केबलची दोन टोकांची पिन अजून दोन मिलिमीटर आत जायची राहिलेली असते. जोर लावून बसवा.

सगळे झाले की हॅश (#) बटण दाबून धरा, कीपॅडला कुलूप लागते. चटकन दाबले तर ताकद कमी-जास्त होते, म्हणून पडद्यावर किल्लीची खूण आली का ते बघा.

बिनपडद्याच्या, रखवालदारांकडे दिसणाऱ्या सेटवर वर दोन नॉब असतात: एक आवाजाचा, एक 1 ते 16 चॅनेलचा. त्यातला घोळ एकच. खिशात घासून चॅनेलचा नॉब एक घर सरकतो. नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि बोटाने अंदाज न घेता डोळ्याने बघा.

किती लांब जाईल

खोक्यावरचे किलोमीटर विसरा. सपाट मोकळ्या जागेत दीड मीटर उंचीवरच्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज साधारण 5 किलोमीटर असते, 30 मीटर उंच गच्चीवर ते 22 च्या पुढे जाते. उंची वॅटपेक्षा जास्त कामाची. ऐरोलीच्या खाडीकाठच्या गच्चीवरून कोपरीकडे मोकळी रेषा मिळते. घणसोलीहून शिळफाट्याकडे मात्र पारसिकची रांग आडवी उभी आहे, तिथे पाच वॅटही हात टेकतो. टॉवरांच्या गर्दीत अर्ध्या वॅटचा सेट काही शे मीटर धरा, आणि दोन मजली तळघरातल्या पार्किंगमध्ये रॅम्पच्या तोंडाशी निरोप पुढे देणारा एक माणूस उभा करा. सेट कमरेला लावून बोलू नका. अंग अर्धा सिग्नल खाते. अँटेना उभी, डोक्याच्या उंचीवर.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी उपवन किंवा मासुंदा तलावाच्या काठावर माणसे खरोखर जिथे उभी राहणार तिथे पाठवून एकेकाची हजेरी घ्या. 'गेट एक, ऐकू येतंय का, ओव्हर.' ज्याचे उत्तर येत नाही त्याला चार पावले सरकायला सांगा, मग मोनीची चाचणी. पाऊस असेल तर सेट पारदर्शक झिप-पिशवीत अँटेनासकट घाला. बटण पिशवीवरूनही दाबते आणि आवाज जेमतेम दबतो. काम संपल्यावर पिशवी काढून सेट कोरड्या फडक्याने पुसा, स्पीकरच्या जाळीत पाणी असेल तर तोंड खाली करून ठेवा, आणि पुढच्या वर्षापर्यंत ठेवायचा असेल तर बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवून सेटपासून वेगळी करा.